बा, गा की डा?

हॅरी मॅकगर्क व जॉन मॅकडोनल्ड यांचा ‘नेचर’मधील १९७६ चा निबंध शिक्षकांनी जरूर वाचावा. आवाज ‘बा’चा, पडद्यावरचे ओठ मात्र ‘गा’ म्हणणारे. ९८ टक्के प्रौढांना ऐकू आले ‘डा’! प्रयोग देखणाच. पण हा आकडा म्हणजे मानवी आकलनाचा नियम, हे मला पटत नाही. सेकियामा व तोहकुरा यांनी १९९१ साली जपानी श्रोत्यांवर असाच प्रयोग केला. अक्षर स्वच्छ ऐकू येत असताना ओठांचा प्रभाव थोडाच पडला. गोंगाट मिसळताच तो वाढला. शिवाय अक्षरे सुटी. (वर्गात असे कोण बोलते?) त्यातून मॅकगर्क यांचे श्रोते इंग्रजी भाषक. त्यांच्या एका ‘डा’च्या जागी आपल्याकडे ‘दा’ आणि ‘डा’ असे दोन आहेत. मराठी मुलांना यातला कोणता ऐकू येईल, हे त्या ९८ टक्क्यांत सापडत नाही.