औंधचे श्रीभवानी संग्रहालय : राजाची अभिरुची आणि प्रदेशाची दृष्टी

प्रस्तावना :
उत्तम कलासंग्रह महानगरातच असतो, ही समजूत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच खोटी ठरली होती. जपानमधील कुराशिकी येथे उद्योगपती ओहारा मागोसाबुरो यांनी १९३० मध्ये पाश्चात्त्य कलेचे संग्रहालय उभारले. औंधचे अधिपती आणि स्वतः चित्रकार असलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय स्थापन केले. आटपाडी त्या वेळी औंध संस्थानातच होती. त्यामुळे आटपाडी परिसराच्या दृष्टीने या संग्रहाचे मूल्यमापन करणे उचित ठरते.

संग्रहाचे स्वरूप :
राजा रविवर्मा यांची तैलचित्रे, भारतीय लघुचित्रे, पाश्चात्त्य शिल्पांच्या प्रतिकृती आणि हेन्री मूर यांचे 'आई व मूल' हे पाषाणशिल्प येथे एकत्र पाहावयास मिळतात. माणदेशातील प्रेक्षकाला रविवर्म्यांची शैली घरातील तसबिरींमुळे ओळखीची असते. मूळ चित्रातील वस्त्रांचा पोत व त्वचेची कांती पाहताना ती ओळख अधिक सखोल होते. मूर यांच्या शिल्पात मात्र कथा नाही, अलंकार नाहीत. केवळ घनाकार आहेत. तरीही माता व बालकाचे नाते ध्यानी येते. परिचितातून अपरिचिताकडे नेणारा हा प्रवास या संग्रहाचे खरे सामर्थ्य होय.

मर्यादा :
१९३९ मध्ये औंध संस्थानाने प्रजेला स्वराज्याची घटना दिली. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू होऊन बंदिवानांवरही विश्वास टाकण्यात आला. कलेच्या क्षेत्रात मात्र निवडीचा अधिकार राजाकडेच राहिला. प्रजेने काय पाहावे हे ठरले; प्रजेला काय सुंदर वाटते, हा प्रश्न या संग्रहाच्या केंद्रस्थानी आला नाही. घोंगडीची वीण किंवा गजीनृत्याची वेशभूषा यांना अभिजात चित्रशिल्पांच्या बरोबरीचे स्थान मिळाले नाही. राज्यकारभारात उदार असलेली दृष्टी अभिरुचीच्या बाबतीत वरून खालीच पाहत राहिली.

समारोप :
या मर्यादेमुळे पंतप्रतिनिधींच्या कार्याचे मोल उणावत नाही. दुष्काळी मुलुखात जागतिक कलेचा नमुना आणून ठेवणे, हा प्रजेच्या आकलनशक्तीवरील विश्वासच होता. तो विश्वास पूर्णत्वास न्यावयाचा असेल, तर परिसरातील महाविद्यालयांनी औंधची भेट केवळ सहलीपुरती मर्यादित न ठेवता अभ्यासक्रमाशी जोडावी. विद्यार्थ्यांनी तेथील चित्रे पाहावीत, तसेच त्या भिंतींवर आपल्या गावातील काय असावयास हवे होते, याचीही नोंद करावी. राजाने निवडलेला संग्रह प्रदेशाचा होण्याची सुरुवात अशा नोंदींतून होऊ शकेल.