‘आम्ही’ आणि ‘आपण’ : किंग यांच्या युद्धविरोधी भाषणाचा एक विचार

दिनांक ४ एप्रिल १९६७ रोजी न्यू यॉर्कमधील रिव्हरसाइड चर्चमध्ये, सुमारे तीन हजार श्रोत्यांसमोर, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी व्हिएतनाममधील युद्धाला उघड विरोध करणारे भाषण केले. त्याची चर्चा बहुधा दोन अंगांनी होते. नागरी हक्कांच्या नेत्याने परराष्ट्रनीतीवर बोलावे की नाही, हा एक प्रश्न. त्याचे युद्धविषयक निदान बरोबर होते की नाही, हा दुसरा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. परंतु भाषणाची रचना बारकाईने पाहिली असता दोहोंच्या मुळाशी एक तिसराच प्रश्न असल्याचे दिसते : या भाषणातील प्रथमपुरुषी अनेकवचनात कोणाकोणाचा समावेश होतो?

इंग्रजीत या सर्वनामाचे रूप एकच असल्याने हा प्रश्न तेथे झाकलेला राहतो. मराठीत तो झाकता येत नाही. श्रोत्याला वगळून बोलावयाचे असेल तर मराठी भाषक ‘आम्ही’ म्हणतो, आणि त्याला सामावून घ्यावयाचे असेल तर ‘आपण’. गुजरातीत व द्राविडी भाषांतही असा भेद आहे. म्हणून या भाषणाचे मराठी भाषांतर करू पाहणाऱ्यास प्रत्येक वाक्यापाशी थांबून निर्णय करावा लागतो. आणि हे निर्णय ओळीने मांडले की भाषणाचा युक्तिवादच डोळ्यांसमोर उभा राहतो.

भाषणाच्या पूर्वार्धात किंग यांनी आपण या विषयावर का बोलत आहोत याची सात कारणे क्रमाने दिली आहेत. गरिबी हटविण्याच्या ज्या योजनेने कृष्णवर्णीय व गौरवर्णीय अशा दोन्ही गरिबांना आशा वाटली होती, तिचा पैसा व मनुष्यबळ युद्धाने ओढून नेले, हे पहिले कारण. गरिबांची, आणि त्यांतही कृष्णवर्णीयांची मुले लोकसंख्येच्या मानाने कितीतरी अधिक संख्येने मरावयास पाठविली जात होती, हे दुसरे. येथवर वक्ता एका पीडित समूहाचा प्रतिनिधी म्हणून बोलतो आहे असे समजण्यास जागा राहते. तिसऱ्या कारणापाशी मात्र वळण येते. उत्तरेकडील शहरांतील वस्त्यांमधल्या संतप्त तरुणांना ते अहिंसेचा उपदेश करीत, तेव्हा ते तरुण व्हिएतनामचा दाखला देऊन विचारीत की, आपला देशही आपले प्रश्न हिंसेनेच सोडवीत नाही काय? जगातील हिंसेचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता आपलेच सरकार आहे, हे आधी स्पष्टपणे बोलल्याखेरीज या पीडितांच्या हिंसेविरुद्ध बोलण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही, असा निष्कर्ष किंग काढतात. या प्रसिद्ध विधानाची धार सर्वांना जाणवली. त्यातील संबंधदर्शक सर्वनामाकडे फारसे लक्ष गेले नाही. ते सरकार ‘तुमचे’ नाही, ‘गोऱ्यांचे’ नाही. वक्त्याचे स्वतःचे आहे.

उत्तरार्धात हा स्वीकार अधिक व्यापक होतो. १९४५ मधील व्हिएतनामची स्वातंत्र्यघोषणा, फ्रेंचांना दिलेले साहाय्य, १९५४ चा जिनीव्हा करार व त्यानंतर डिएम राजवटीला दिलेला आधार, हा इतिहास ते सांगतात. नंतर गावे, कुटुंबे, जमिनी व पिके यांच्या नाशाची गणना करतात. कर्मणी रचनेत कर्ता लपविणे सोपे असते. येथे तो लपत नाही. जवळजवळ प्रत्येक विध्वंसक क्रियेचा कर्ता प्रथमपुरुषी अनेकवचनी आहे, आणि मराठीत तेथे ‘आपण’ हेच रूप योजावे लागेल. कारण हे भाषण हनोईला किंवा राष्ट्रीय मुक्ती आघाडीला उद्देशून नसून स्वदेशबांधवांना उद्देशून आहे, असे किंग यांनी आरंभीच सांगितले आहे.

याचे वेगळेपण तुलनेने स्पष्ट होते. जानेवारी १९६६ मध्ये विद्यार्थी अहिंसक समन्वय समितीने युद्धाविरुद्ध निवेदन काढले होते. टस्कीगी येथे झालेला एका कृष्णवर्णीय कार्यकर्त्याचा खून आणि व्हिएतनामी शेतकऱ्यांची हत्या यांची त्यात सांगड घातलेली होती. त्या निवेदनातील ‘आम्ही’ सरकारच्या समोर उभा राहून त्याच्यावर आरोप ठेवतो. ती भूमिका समर्थनीय होती आणि किंग यांनाही ती उपलब्ध होती. ज्यांना मतदानाच्या हक्काचे परिणामकारक संरक्षण १९६५ च्या कायद्याने प्रथमच लाभले, त्यांनी राष्ट्राच्या कृत्यांची जबाबदारी नाकारणे अस्वाभाविक ठरले नसते. किंग ती स्वीकारतात. आणि अपराधातील वाटा मान्य करताना नागरिकत्वातील पूर्ण वाटाही गृहीत धरतात. जो राष्ट्राच्या पापाचा वाटेकरी आहे त्याला राष्ट्राच्या निर्णयातून वगळता येत नाही, हे या ‘आपण’मागील अनुक्त प्रमेय होय.

टीकाकारांचा रोखही नेमका येथेच होता. किंग यांनी आपले कार्य, आपला देश आणि आपले लोक या तिघांनाही असलेला स्वतःचा उपयोग कमी करून घेतला, असे ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने ६ एप्रिलला लिहिले. या तीन पदांची वेगवेगळी गणना सूचक आहे. ‘देश’ आणि ‘आपले लोक’ ही दोन वर्तुळे निराळी आहेत असे ती गृहीत धरते. दुसऱ्या दिवशी ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने दोन प्रश्नांची सरमिसळ हीच चूक ठरविली. १० एप्रिलला एन.ए.ए.सी.पी. या जुन्या कृष्णवर्णीय संघटनेच्या संचालक मंडळानेही दोन चळवळी एकत्र करणे ही डावपेचाची गंभीर चूक असल्याचा ठराव केला. या शेवटच्या आक्षेपात व्यावहारिक तथ्य होते. जॉन्सन यांच्या शासनाकडून मिळणारे सहकार्य गमावणे परवडणारे नव्हते. तरीही सर्व आक्षेपांचा भाषिक आशय एकच होता : किंग यांनी ‘आम्ही’ म्हणावे, ‘आपण’ म्हणू नये.

या भाषणाला मर्यादा नाहीत असे नाही. किंग ज्यांच्या वतीने बोलतात ते व्हिएतनामी शेतकरी भाषणात आद्यंत तृतीयपुरुषीच राहतात. त्यांच्या मनातील शंका किंग यांनी सहानुभूतीने कल्पिल्या आहेत. पण कल्पिलेला आवाज हा ऐकलेल्या आवाजाची जागा घेऊ शकत नाही. मसुद्याच्या घडणीत इतिहासाचे प्राध्यापक व्हिन्सेंट हार्डिंग यांचा मोठा वाटा होता. इतिहासकथनाच्या भागात प्रवचनाची लय मंदावते व व्याख्यानाची शिस्त वरचढ होते, याचा उलगडा त्यावरून होऊ शकेल. मात्र जेथे लय मंदावते तेथेच जबाबदारीचा स्वीकार सर्वांत स्पष्ट आहे, हेही नोंदविले पाहिजे.

बरोबर एक वर्षाने, ४ एप्रिल १९६८ रोजी, मेम्फिस येथे किंग यांची हत्या झाली. सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी ते तेथे गेले होते. या भाषणाचे मूल्यमापन करताना त्यातील युद्धविषयक अंदाज पुढे किती खरे ठरले एवढेच पाहणे पुरेसे नाही. ज्या समाजाने एखाद्याला आपल्यात पुरते घेतलेले नाही, त्या समाजाच्या दोषांबद्दल त्याने ‘आपण’ म्हणावे काय, हा प्रश्न त्याने उभा केला आणि स्वतःपुरते उत्तरही दिले. भाषांतरकाराने सवयीने सर्वत्र ‘आम्ही’ लिहिले, तर ते उत्तर मराठीत पोचणार नाही.