छायाचित्रात नसलेला ट्रॅक्टर

शेतीयंत्रांची छायाचित्रे आपल्या पाठ्यपुस्तकांत, दिनदर्शिकांत आणि कृषिप्रदर्शनांच्या फलकांवर भरपूर असतात. त्यातली बहुतेक एकाच साच्याची. धुऊनपुसून लख्ख केलेला ट्रॅक्टर, वर निळे आकाश, मागे हिरवे पीक आणि चालकाच्या जागी हसतमुख शेतकरी. अशा चित्रातून यंत्राचा रंग कळतो. पण ते कोणते काम करते, कोणत्या महिन्यात करते आणि ते येण्यापूर्वी ते काम कोण करीत होते, यातले काहीच कळत नाही. विज्ञानशिक्षणाच्या दृष्टीने ही मोठीच उणीव आहे. चांगले छायाचित्र या प्रश्नांची उत्तरे कितपत देऊ शकते, हे पाहण्यासाठी आम्ही एक जुना, पण अतिशय समृद्ध संग्रह निवडला आहे.

१९३५ साली अमेरिकेच्या सरकारने ग्रामीण भागाच्या पुनर्वसनासाठी एक खाते उघडले. १९३७ मध्ये त्याचे रूपांतर ‘फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन’मध्ये झाले. या खात्याच्या छायाचित्र विभागाचे प्रमुख होते रॉय स्ट्रायकर. डोरोथिया लँग, आर्थर रॉथस्टाइन, रसेल ली, मॅरियन पोस्ट वोल्कॉट अशा छायाचित्रकारांना त्यांनी देशभर पाठवले. काय टिपायचे याच्या लेखी याद्याही ते देत. या कामातून जमलेल्या सुमारे पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्ह आज वॉशिंग्टनच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये आहेत आणि संग्रह इंटरनेटवर कोणालाही पाहता येतो.

हा काळच मोठ्या स्थित्यंतराचा होता. अमेरिकेतील शेतांवर १९२० मध्ये सुमारे अडीच लाख ट्रॅक्टर होते. १९३० मध्ये ते नऊ लाखांवर गेले आणि १९४० मध्ये पंधरा लाखांवर. याच वीस वर्षांत शेतावरचे घोडे व खेचरे अडीच कोटींवरून सुमारे एक कोटी चाळीस लाखांवर आली. इतका मोठा बदल कॅमेऱ्यासमोर घडत असताना त्याचे सर्वांत प्रसिद्ध ठरलेले छायाचित्र कोणते? त्यात ट्रॅक्टर नाहीच!

लँग यांनी ते जून १९३८ मध्ये टेक्सास राज्यातील चिल्ड्रेस परगण्यात काढले. नांगरलेल्या जमिनीच्या रुंद, वळणदार सऱ्या आपल्या पायांपासून निघतात आणि दूरवरच्या एका एकाकी घरापर्यंत जाऊन भिडतात. घर रिकामे आहे. अंगण, परसबाग, पायवाट असे काही उरलेले नाही. माणूस नाही आणि जनावरही नाही. यंत्रशेतीमुळे कुळे जमिनीवरून हटत आहेत, अशा अर्थाची नोंद चित्रासोबत आहे.

या छायाचित्राची ताकद पुराव्याच्या पद्धतीत आहे. वैज्ञानिक जसा मागे राहिलेल्या खुणांवरून घटनेचा माग काढतो, तसेच येथे प्रेक्षकाला करावे लागते. सऱ्या इतक्या लांब व अखंड आहेत, म्हणजे मधले बांध गेले. त्या घरापर्यंत गेल्या, म्हणजे घरात कोणी राहत नाही. लहानसहान शेते एक होऊन सलग पट्टा झाला आहे. ट्रॅक्टर दाखवला असता, तर पाहणाऱ्याची नजर त्याच्या चाकांवर खिळली असती; तो न दाखवल्यामुळे त्याचा परिणाम दिसतो.

असे असले तरी या चित्राविषयी आमच्या दोन तक्रारी आहेत.

पहिली ऋतूची. नवखा प्रेक्षक हे चित्र पाहून ‘दुष्काळ’ म्हणतो. १९३० नंतरच्या दशकातील धुळीच्या वादळांची चित्रे, विशेषतः रॉथस्टाइन यांनी १९३६ मध्ये ओक्लाहोमात टिपलेले वादळ, मनात असल्याने उघडी जमीन म्हणजे मेलेली जमीन असा अर्थ लावला जातो. पण टेक्सासच्या त्या भागात कापसाची पेरणी मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत चालते. म्हणजे जूनमधल्या त्या सऱ्या उजाड नाहीत. त्या लागवडीसाठी तयार केलेल्या, किंवा नुकत्याच पेरलेल्या आहेत. हीच जमीन शरद ऋतूत कापसाने पांढरी झालेली दिसली असती. म्हणून चित्राचा खरा आशय अधिक कठोर आहे. जमीन मेलेली नाही, ती पिकणार आहे. फक्त ती कसणारे कुटुंब तेथे नाही. एका ऋतूचे एकच चित्र पाहिल्यामुळे हा फरक हरवतो.

दुसरी तक्रार कारणाची. चित्र आणि त्याची नोंद मिळून सगळा दोष यंत्राला देतात. प्रत्यक्षात साखळी लांब होती. १९३३ च्या कायद्यानुसार कापसाचे क्षेत्र कमी ठेवणाऱ्या जमीनमालकांना सरकार पैसे देऊ लागले. क्षेत्र घटल्याने कुळांची गरज कमी झाली आणि हाती आलेल्या पैशातून ट्रॅक्टर घेणे मालकाला परवडू लागले. ही साखळी कोणत्याही भिंगातून दिसणार नाही. ती शब्दांनीच सांगावी लागते. लँग यांना हे ठाऊक होते. म्हणून तर अर्थतज्ज्ञ पती पॉल टेलर यांच्यासह त्यांनी १९३९ मध्ये ‘ॲन अमेरिकन एक्झोडस’ हे चित्र आणि मजकूर यांना सारखेच स्थान देणारे पुस्तक काढले. शेजारच्या हार्डमन परगण्यात १९३७ मध्ये टिपलेल्या सहा बेदखल कुळांच्या चित्राची नोंद या दृष्टीने नमुनेदार आहे. सर्वांत मोठ्याचे वय ३३, प्रत्येकावर सरासरी चार माणसांचा भार, महिन्याची मिळकत २२.८० डॉलर आणि मतदानासाठी भरावा लागणारा कर परवडत नसल्याने मताचा अधिकारही नाही. चार आकडे आणि एक कारण. पण चित्राचा अर्थच पालटतो.

ऋतूंचा मुद्दा कापसाच्या बाबतीत आणखी महत्त्वाचा आहे. १९३० नंतरच्या दशकात नांगरणी व पेरणी यंत्राने होऊ लागली होती, मात्र निंदणी आणि वेचणी हातानेच होत होती. पेरणीपासून वेचणीपर्यंत सर्व काम यंत्राने झालेले पीक मिसिसिपीतील क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर १९४४ मध्ये निघाले. मधल्या काळात वसंतात एक चालक पुरे होई, तर निंदणीला आणि वेचणीला माणसांची झुंबड लागे. जमिनीवरून हटवलेलीच माणसे मग मजूर म्हणून रोजावर यायची. मेम्फिस शहरातून ट्रकमध्ये भरून निंदणीला नेले जाणारे मजूर लँग यांनीच १९३७ मध्ये टिपले आहेत. ट्रॅक्टरचे चित्र आणि या ट्रकचे चित्र शेजारी ठेवल्याशिवाय यंत्रशेती समजत नाही.

आता थोडे तंत्राकडे वळू. यंत्र ‘कामावर’ आहे, हे स्थिर चित्रातून कसे ओळखायचे? समजा, ट्रॅक्टर ताशी ५.४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १.५ मीटर वेगाने आपल्यासमोरून आडवा जात आहे. झडप १/१०० सेकंद उघडी असेल, तर तेवढ्यात तो १.५ सेंटिमीटर पुढे जातो. भिंगाचे नाभीय अंतर १५ सेंटिमीटर आणि ट्रॅक्टर १५ मीटर दूर असेल, तर प्रतिमा शंभरपट लहान होते. म्हणून निगेटिव्हवर ०.१५ मिलिमीटर फरकाटा उमटतो. चारपट मोठा ठसा काढला की तो ०.६ मिलिमीटर होऊन डोळ्यांना जाणवतो. ट्रॅक्टर थेट आपल्याकडे येत असेल, तर फरकाटा जवळपास नाहीसाच होतो.

फिरणाऱ्या भागांचा हिशेब वेगळा. ट्रॅक्टरच्या मागचा, मळणीयंत्राला शक्ती पुरवणारा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. तो १/१०० सेकंदात सुमारे ३२ अंश फिरतो आणि पुसट दिसतो. आजचे कॅमेरे सहज वापरतात त्या १/२००० सेकंदात तो दीड अंशाच्या आसपासच फिरतो आणि साफ थांबलेला दिसतो. असे काटेकोर चित्र आम्हांला दोषपूर्ण वाटते, कारण ते कामच पुसून टाकते. शिवाय ते फसवेही आहे. कपडा किंवा हात अडकून ज्या दांड्यामुळे जीवघेणे अपघात होतात, तोच दांडा मुलांना निरुपद्रवी लोखंडी गजासारखा दिसतो. थोडा फरकाटा, उडणारी धूळ, फाळावरून उलटणारी माती या खुणा म्हणजे चित्रातले दोष नव्हेत, ती मोजमापे आहेत.

शिक्षकांना यातून काय घेता येईल? या संग्रहातील एखादे चित्र वर्गात नोंद झाकून दाखवावे. महिना कोणता, पीक कोणते, चित्राबाहेर कोण आहे, हे विद्यार्थ्यांना लिहू द्यावे आणि मग नोंद उघडावी. पुढे आपल्याच गावात एक जागा ठरवून तेथूनच वर्षातून चार वेळा चित्र काढावे: मृगाच्या आधीची मशागत, पेरणी, आंतरमशागत आणि काढणी किंवा मळणी. चालत्या यंत्रापासून मुलांना दूर ठेवावे. प्रत्येक चित्राखाली तारीख, यंत्राचे काम, तेच काम पूर्वी कोण करी आणि त्या दिवशी हाताने कोणते काम उरले, या चार ओळी असाव्यात.

लँग यांचे छायाचित्र श्रेष्ठ आहे, हे आमचे मत वरील तक्रारींनंतरही कायम आहे. मात्र ते घोषणा म्हणून भिंतीवर लावण्यापेक्षा पुरावा म्हणून टेबलावर ठेवावे, तारखेसह आणि शेजारच्या चित्रांसह. यंत्र चांगले की वाईट, हा प्रश्न त्या सऱ्या विचारीत नाहीत. वाचलेले श्रम कोणाच्या पदरात पडले आणि गेलेले काम कोणाचे होते, एवढेच त्या विचारतात. आणि तो प्रश्न प्रत्येक हंगामात नव्याने विचारावा लागतो.