गंजलेला रेडिएटर कुणाला द्यायचा?

कॉलेजच्या शॉर्ट फिल्म स्पर्धेत ‘गरिबी आणि तरुण’ असा विषय दिला, की काय येणार हे आधीच सांगता येतं. सिग्नलवर फुगे विकणारा मुलगा. त्याच्या अनवाणी पायांचा क्लोजअप. मागे बासरी. मग एक कॉलेजकुमार येतो, वडापाव देतो, मुलगा हसतो, पडदा काळा होतो आणि पांढऱ्या अक्षरांत सुविचार उमटतो. टाळ्या. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं, ते खोटं नसतं. पण तो पोरगा फुगे कुणाकडून आणतो, दिवसाचे किती सुटतात, शाळा कितवीत आणि कशामुळे सुटली, यातलं काहीच कळलेलं नसतं.

असल्या व्हिडिओंची खिल्ली उडवणारी स्पर्धा नॉर्वेत सुरू झाली, तीही विद्यार्थ्यांच्याच संस्थेकडून. ‘साइह’ ही तिथल्या विद्यार्थ्यांची आणि प्राध्यापकांची मदतसंस्था १९६१पासूनची. २०१२मध्ये त्यांनी ‘रेडी-एड : आफ्रिका फॉर नॉर्वे’ नावाचं गाणं काढलं. त्यात आफ्रिकेतले तरुण थंडीने कुडकुडणाऱ्या बिचाऱ्या नॉर्वेकरांसाठी रेडिएटर, म्हणजे खोली गरम ठेवणारी यंत्रं, गोळा करतात. नॉर्वेबद्दल एवढीच माहिती जगाला असती तर कसं वाटलं असतं, हा त्यातला सवाल. पुढच्या वर्षापासून पुरस्कार सुरू झाले : चांगल्या मदत-व्हिडिओला सोनेरी रेडिएटर, साचेबंद व्हिडिओला गंजलेला.

२०१७चा गंजलेला रेडिएटर गेला ब्रिटनच्या ‘कॉमिक रिलीफ’च्या व्हिडिओला. गायक एड शीरन लायबेरियात जातो, रस्त्यावर राहणाऱ्या एका लहान मुलाला भेटतो, हेलावतो आणि त्याच्या राहण्याचा खर्च स्वतः उचलायची तयारी दाखवतो. शीरनची कळकळ खरी असेल, त्याबद्दल वाद नाही. पण व्हिडिओ नीट पाहा. अस्वस्थ होतो शीरन, निर्णय घेतो शीरन, गोष्ट पुढे नेतो शीरन. मुलाच्या वाट्याला उरतं ते वाचवलं जाणं. २०१८मध्ये ‘कॉमिक रिलीफ’नेच सेलिब्रिटींना पुढे करणाऱ्या या पद्धतीपासून दूर जाऊन स्थानिक माणसांना बोलू द्यायचं जाहीर केलं.

इथे कुणी म्हणेल, ‘पण त्या व्हिडिओमुळे पैसे तर जमतात!’ खरंय. दयेने खिसे उघडतात आणि त्या पैशातून कुणाच्या तरी पोटात अन्न जातं. मदतसंस्थेकडे निदान ही सबब आहे. आपल्या कॉलेजच्या स्पर्धेकडे तीही नाही. तिथे त्या मुलासाठी एक रुपया जमत नाही. ट्रॉफी दिग्दर्शकाला, सर्टिफिकेट कॅमेरामनला, रील इन्स्टावर. सिग्नलवरचा पोरगा होता तिथेच. म्हणून विद्यार्थ्यांच्या व्हिडिओची जबाबदारी जास्त आहे. त्याला पैसे देता येणार नसतील, तर निदान समज तरी द्यायला हवी : ही गरिबी चालते कशी, आणि त्या पोराला स्वतःला काय हवंय.

हे जमतं का? जमलेलं आहे, तेही एका विद्यार्थ्यालाच. अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) मास कम्युनिकेशन शिकताना नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. पुढे त्याला पदार्पणाच्या दिग्दर्शनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चोरीवर पोट भरणाऱ्या घरातला हा पोरगा. त्याला शाळेत जायचंय. बस्स, एवढंच. पण या ‘जायचंय’मुळे सगळं बदलतं. ज्याला काही हवं असतं, त्याच्याकडे बिचारा म्हणून बघता येत नाही. त्याच्या आड काय येतंय ते शोधावं लागतं. मग घरची निकड दिसते. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने कित्येक जमातींवर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का आठवतो. तो कायदा १९५२मध्ये गेला, पण शिक्का अजून पुसलेला नाही.

‘फँड्री’च्या (२०१३) शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो सरळ कॅमेऱ्यावर येतो. थिएटरमध्ये आपण दचकतो, कारण तोवर आपणही तमाशा बघणाऱ्या गावकऱ्यांच्या रांगेत बसलेलो असतो. सिग्नलवरच्या किती पोरांना कॅमेऱ्यावर असा दगड मारावासा वाटला असेल?

दोष फक्त व्हिडिओ करणाऱ्या पोरांना देणं सोपं आहे. ‘भावनिक परिणाम’, ‘छायाचित्रण’, ‘सामाजिक संदेश’ यांना मार्क मिळत असतील, तर पोरं तेच करणार. परीक्षकांनी चार साधे प्रश्न विचारायला सुरुवात करावी. ज्याच्यावर फिल्म आहे, तो त्यात एक तरी निर्णय घेतो का? पैशाचा हिशेब कुठे आहे? मदत करणारा पाहुणा काढून टाकला तर फिल्म उरते का? आणि फिल्म तयार झाल्यावर ती सगळ्यात आधी त्याला दाखवली का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर बाकीचे मार्क मोजायची गरज नाही. एक गंजलेला रेडिएटर मागवून ठेवावा.