९ बिंदू की ३९? कॅनन ६०डी आणि निकॉन डी७००० यांच्या ऑटोफोकसची तुलना

कॅनन ६०डी आणि निकॉन डी७००० हे दोन्ही डीएसएलआर २०१० साली बाजारात आले. कॉलेजच्या क्लबसाठी कमी पैशांत जुना कॅमेरा शोधताना ही जोडी हमखास समोर येते. तक्त्यात दिसते की कॅननला ९ फोकस बिंदू आहेत आणि निकॉनला ३९. केवळ या आकड्यांवरून निकॉनला चौपट चांगले ठरवणे मात्र चुकीचे आहे.

आधी रचना समजून घ्या. मुख्य आरशामागचा छोटा आरसा थोडा प्रकाश खाली फोकस संवेदकाकडे वळवतो. तेथे भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमांमधील अंतर मोजून भिंग कोणत्या दिशेने आणि किती सरकवायचे हे ठरते. साधा रेषीय बिंदू एकाच दिशेतील तपशील ओळखतो. क्रॉस प्रकारचा बिंदू आडवे-उभे दोन्ही ओळखतो. ६०डीचे नऊही बिंदू क्रॉस आहेत. डी७०००मध्येही क्रॉस बिंदू नऊच आहेत आणि तेही मध्यभागी. उरलेले ३० रेषीय आहेत.

मग ते ३० वाया गेले का? नाही. धावणारा खेळाडू चौकटीत सरकतो तेव्हा दाट बिंदू उपयोगी पडतात. शिवाय निकॉनचा २०१६ पिक्सेलचा रंगीत मीटरिंग संवेदक विषयाचा माग ठेवायला मदत करतो. याउलट मंद प्रकाशात चेहरा कडेला ठेवायचा असेल, तर कॅननचे कडेचे बिंदू अधिक भरवशाचे.

माझ्या मते कॅननची खरी उणीव वेगळी आहे. फोकस संवेदकाचा प्रकाशमार्ग मुख्य संवेदकापेक्षा वेगळा असल्याने एखाद्या भिंगाचा फोकस किंचित पुढे-मागे पडू शकतो. तो जुळवण्याची सोय आधीच्या ५०डीमध्ये होती. ६०डीमधून ती काढली गेली. डी७०००मध्ये ती आहे. कॅननचा फिरणारा पडदा व्हिडिओसाठी सोयीचा, पण चित्रीकरणात सलग ऑटोफोकस नाही. निकॉनमध्ये तो आहे, मात्र संथ.

म्हणून खेळ टिपायचे असतील किंवा जास्त उघडणारी भिंगे वापरायची असतील, तर डी७००० घ्या. विकत घेण्यापूर्वी कडेचा बिंदू निवडून आडव्या रेषांवर फोकस करा, मग कॅमेरा ९० अंशांत फिरवून पुन्हा करा. तक्ता सांगत नाही ते या चाचणीत दिसेल.