पारणें नसलेला उपवास

(डॉ. हिल्डे ब्रूख यांच्या ‘द गोल्डन केज’ या ग्रंथाच्या निमित्तानें)

कांहीं ग्रंथ असे असतात कीं, त्यांतील अर्धे सिद्धान्त पुढील संशोधनानें ढांसळले तरी ते कपाटांतून काढून टाकवत नाहींत. डॉ. हिल्डे ब्रूख यांचा ‘द गोल्डन केज’ हा १९७८ सालीं अमेरिकेंत निघालेला ग्रंथ या जातीचा आहे. समोर वाढलेलें अन्न नाकारून देह झिजविणाऱ्या मुलींची व्याधि हा त्याचा विषय. वैद्यक तिला ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होझा’ म्हणतें. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गांवीं बसून असल्या ग्रंथाची चर्चा करणें कित्येकांस विलासाचें वाटेल. २०१४ सालीं पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत जव्हार-मोखाडा हा मुलूख आमच्याच ठाणें जिल्ह्यांत होता, आणि तेथील कुपोषित बालकांच्या वार्ता आम्हीं वर्षानुवर्षें वाचल्या आहेत. जेथें अन्न मिळत नाहीं म्हणून मुलें झुरतात, तेथें मिळालेलें अन्न नाकारणाऱ्यांची कणव कोणीं करावी? आक्षेप सबळ आहे. परंतु एका भुकेचें दुःख खरें म्हणून दुसरीचें खोटें ठरत नाहीं. आणि ही दुसरी भूक पांढरपेशा घरांत आई-बापांच्या डोळ्यांदेखत वाढते.

ही व्याधि नवी नव्हे. रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्यानें १६८९ सालीं क्षयरोगावरील आपल्या ग्रंथांतच अठरा वर्षांच्या एका मुलीची हकीकत दिली आहे: ताप नाहीं, खोकला नाहीं, तरी देह झिजत चाललेला. पुढें १८७४ सालीं लंडनच्या विल्यम गल यांनीं व्याधीला तिचें आजचें नांव दिलें. या वैद्यांनीं रोगिणीला पाहिलें. ब्रूखबाईंनीं तिचें ऐकलें, हें त्यांचें वैशिष्ट्य. एका रोगिणीनें स्वतःला सोन्याच्या पिंजऱ्यांतील चिमणी म्हटलें होतें. त्यावरूनच ग्रंथाचें नांव पडलें. बाईंचें म्हणणें असें कीं, ज्या मुलीची प्रत्येक गरज तिला जाणवण्यापूर्वींच वडील माणसें आपल्या हिशेबानें भागवितात, तिला स्वतःची भूक ओळखण्याचें शिक्षणच मिळत नाहीं. गुणी, आज्ञाधारक म्हणून वाखाणलेली ही मुलगी अखेर आपलें राज्य जेथें चालेल असा एक तरी मुलूख शोधते, आणि तो मुलूख म्हणजे तिचा देह. तिच्या न खाण्यांत बाईंना स्वातंत्र्याची केविलवाणी धडपड दिसली. ग्रंथाचा हा भाग आजही जुना झालेला नाहीं.

पण येथेंच ग्रंथाचा तोलही जातो. मुलीची बाजू घेतां घेतां बाईंच्या लेखणीतून आईवर आरोपपत्र लिहिलें जातें. पुढील प्रयोगांनीं हें आरोपपत्र टिकूं दिलें नाहीं. जेराल्ड रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लंडनमध्यें केलेल्या आणि १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, लहान वयांत व्याधि जडलेल्या आणि ती तीन वर्षांहून जुनी न झालेल्या रोग्यांना, कुटुंबाला हाताशीं धरून केलेल्या उपचारानें अधिक गुण आला. २०१९ सालच्या एका मोठ्या आनुवंशिक अभ्यासानें तर या व्याधीचीं मुळें मनाप्रमाणें देहाच्या चयापचयांतही असावींत असें सुचविलें. ज्या आईला बाईंनीं आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें, तीच उपचारांतील मुख्य आधार ठरली.

दुसरा दोष दृष्टीच्या मर्यादेचा. ही व्याधि श्रीमंत घरच्या, कृश होण्याचा ध्यास घेतलेल्या मुलींची, असें चित्र ग्रंथ वाचून मनांत ठसतें. १९९५ सालीं दिल्लींतील डॉक्टरांनीं पांच तरुणींच्या हकीकती प्रसिद्ध केल्या. त्या जेवत नव्हत्या, ओकत होत्या, वाळल्या होत्या, त्यांचा मासिक धर्म थांबला होता. परंतु आपला देह आहे त्याहून स्थूल भासण्याची भ्रान्ति त्यांच्यांत आढळली नाहीं. पाश्चात्त्य कसोटी जशीच्या तशी लावणारा वैद्य अशा मुलीला व्याधीच्या यादींतून वगळील. आपली मुलगी बहुधा लठ्ठपणाचें नांवही काढीत नाहीं; ‘पोटांत जागाच नाहीं, अन्नावर वासना नाहीं’ एवढेंच म्हणते, आणि घरचे तिची दृष्ट काढतात.

आमच्या भाषेनेंही येथें हात आंखडता घेतला आहे. अतोनात खाणाऱ्याला तिनें ‘भस्म्या’ हें रोगाचें नांव दिलें. न खाणारीसाठीं मात्र ‘नखरे’, ‘रुसवा’ हे दोषाचे किंवा ‘निग्रह’ हा गुणाचा शब्द ठेवला. आयुर्वेदानें अरोचकाचा एक प्रकार मनाच्या क्लेशांतून उद्भवणारा म्हणून वेगळा सांगितला होता. ती जाण घरगुती बोलींत उतरली नाहीं. ज्या दुखण्याला घरांत नांव नाहीं, त्याला औषधही उशिरां मिळतें.

व्रतवैकल्यांना दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. उलट निदानाची घरगुती कसोटी आम्हांला व्रतांतच सांपडते. एकादशीला द्वादशीचें पारणें असतें. या उपवासाला पारणें नसतें. सण आला, पाहुणे आले, तरी मुलगी निमित्त काढते. चारचौघांत जेवणें टाळते. इतरांना आग्रहानें वाढते आणि स्वतः घांस मोजते. असें दिसलें कीं तें व्रत राहिलेलें नाहीं असें समजावें. हिचीच बहीण ‘बुलिमिया नर्व्होझा’. तिचें वर्णन रसेल यांनींच १९७९ सालीं केलें. तींत मुलगी चोरून अतोनात खाते आणि मग बहुधा ओकून टाकते. वजन ठीक असल्यानें संशय येत नाहीं. पण दांतांचें कवच झिजतें, गाल सुजतात, आणि रक्तांतील पोटॅशियम घटून हृदयाला धोका पोंचतो. मुलगेही यांतून सुटत नाहींत. मॉर्टनच्या दोन रोग्यांपैकीं एक मुलगाच होता.

उपचारांत प्रथम क्षय, मधुमेह, गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचे विकार नाहींत याची तपासणी व्हावी, आणि मग मनोविकारतज्ज्ञाकडे जावें. येथें पांढरपेशा संकोच आडवा येतो. ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ पासून उभें आहे. पण ‘ठाण्याला पाठवा’ ही आम्हीं थट्टा करून ठेवली आहे. मनाइतकीच निकड देहाची असते. १९४४-४५ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा येथें ३६ निरोगी तरुणांना प्रयोगासाठीं अर्धपोटीं ठेवलें असतां त्यांच्यांतही चिडखोरपणा व औदासीन्य आलें, आणि कित्येक जण पाकशास्त्राचीं पुस्तकें चाळीत बसूं लागले. म्हणजे ज्याला आपण स्वभाव म्हणतों, त्यांतील बरेंचसें उपासमारीचेंच कार्य असतें. पोटांत अन्न गेल्यावांचून मनाशीं बोलणें व्यर्थ, हें ब्रूखबाईंनींही ओळखलें होतें. मात्र फार दिवस उपाशी असलेल्या देहाला एकदम भरपेट घालणें घातक असतें. रक्तांतील फॉस्फेट एकाएकीं घटून प्राणावर बेततें. दीर्घ उपवासाचें पारणें हलक्या अन्नानें सोडावें हें आमच्या आज्या जाणत होत्या. येथें तें डॉक्टरांच्या देखरेखीखालींच झालें पाहिजे. पुढें, मुलगी लहान असेल तर, आई-बापांनीं एकमतानें महिनोन्‌महिने ताटापाशीं बसावें. दटावूं नये आणि माघारही घेऊं नये. मोठ्या वयाच्या रोग्यांस संभाषणाचे मानसोपचार लागू पडतात. बुलिमियांत कांहीं औषधेंही गुणकारी ठरलीं आहेत.

एवंच, हा ग्रंथ व्याधीचीं कारणें शोधण्यासाठीं वाचूं नये. अन्न नाकारणारी मुलगी काय सांगते तें ऐकण्यास शिकण्यासाठीं वाचावा. मराठींत कोणीं त्याचें भाषान्तर हातीं घेतल्यास त्याला नवी प्रस्तावना जोडावी, आणि तींत आईवरील आरोप स्पष्टपणें मागें घ्यावा. त्या मुलींचें बोलणें मात्र एका अक्षरानेंही कमी करूं नये.