प्राणिमुक्तीचा विचार आणि कूटदन्त सुत्त

पीटर सिंगर यांच्या ‘अ‍ॅनिमल लिबरेशन’ (१९७५) या ग्रंथाने पाश्चात्त्य देशांतील प्राणिहक्क चळवळीस वैचारिक अधिष्ठान दिले. ज्या जीवाला वेदना होते, त्याच्या वेदनेचा विचार झालाच पाहिजे, हे त्याचे मुख्य सूत्र होय. त्यात कोणताही एक प्राणी पवित्र ठरत नाही. येथील गोरक्षणाहून ही भूमिका मूलतः भिन्न आहे. केवळ परकी म्हणून ती नाकारणे आम्हांस योग्य वाटत नाही.

तथापि ग्रंथाचा मुख्य भर प्रयोगशाळा व कारखानी पशुपालन यांवर आहे. जनावराच्या कातड्यावर ज्याचे पोट चालते, त्याचा प्रश्न या विवेचनाच्या कक्षेबाहेर राहतो. २०१६ मध्ये गुजरातेतील उना येथे मेलेली गाय सोलणाऱ्या दलितांना झालेली मारहाण आठवली, म्हणजे ही उणीव लहान वाटत नाही.

दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात एका आदर्श यज्ञाचे वर्णन आहे. त्यात गायी-शेळ्या मारल्या गेल्या नाहीत. तसेच दासांना व कामकऱ्यांना दंडाच्या भयाने रडत राबावे लागले नाही. या दोन्ही गोष्टी तेथे लागोपाठ येतात. परदेशी चळवळीस पाठिंबा देताना आम्ही हीच कसोटी लावू. जिच्यात पशूबरोबर राबणाऱ्या माणसालाही स्थान आहे, तीच करुणा आम्हांस मान्य आहे.